फॉल, फॉलिन आणि पडणे

आमच्या शाळेत दिवस मोजायचे माप म्हणजे फॉलिन. पहाटे पी.टी.चे फॉलिन, मग नाश्त्याचे, असेंब्लीचे, गेम्सचे, प्रेपचे. सहावीत इथे आलो तेव्हा फॉल म्हणजे पडणे आणि इन म्हणजे आत, एवढे इंग्रजी मला येत होते. तेवढ्यावरून नक्की कुठे पडायचे हे काही कळेना, कारण पडत कोणीच नसे. सगळे ताठ उभे असत. ड्रिल उस्ताद ग्राउंडवर 'लाइन बन' आणि 'लाइन तोड' म्हणतात, ते सरळ आहे. पण डॉर्ममध्ये केरळचा असो, बिहारचा असो, प्रत्येकाच्या तोंडी 'फॉलिन'च.

त्याआधी मला ठाऊक असलेला फॉल एकच, साडीचा. माझी आई गावी फॉल-पिकोची कामे घेते. साडीच्या काठाला आतून शिवतात ती कापडाची पट्टी म्हणजे फॉल. तिच्या वजनाने निऱ्या नीट खाली पडतात. लग्नसराईत आमच्या घरात बसायला जागा नसते इतके फॉल पडलेले असतात. लायब्ररीतली जाड डिक्शनरी काढून पाहिली, तर त्या शब्दाखाली अर्थांची रांगच होती, पण त्यात आईचा फॉल नव्हता. अमेरिकेतला शरद ऋतू मात्र होता. सोळाव्या शतकात इंग्लंडात पानगळीच्या दिवसांना 'फॉल ऑफ द लीफ' म्हणत. पुढे त्यातले पान गळाले आणि फॉल उरला. तो अमेरिकेत टिकला, इंग्लंडने 'ऑटम' जवळ केला.

वाचताना वाटले, हा शब्द आपल्या 'पडणे'चा सख्खा भाऊ आहे. पाऊस पडतो, सावली पडते, रात्र पडते, भाव पडतात, सरकार पडते. माणूस आजारी पडतो, प्रेमात पडतो, अभ्यासात मागे पडतो, त्याला पैसे कमी पडतात, तो फसवणुकीला बळी पडतो. या प्रत्येक ठिकाणी इंग्रजीतही फॉलच आहे. यातले एखादे आपण इंग्रजीवरून उचलले असेल (प्रेमात पडण्याबद्दल मला तशी शंका आहे), पण आजारी पडायला आपल्याला इंग्रज नक्कीच लागले नव्हते.

मराठी मात्र इथे थांबत नाही. आपल्याला प्रश्न पडतो, स्वप्न पडते, विसर पडतो. दोन माणसांची गाठ पडते, एखाद्याला टोपणनाव पडते, लग्न पार पडते, वस्तू महागात पडते, आणि सुटी संपली की आपण थोरांच्या पाया पडून घराबाहेर पडतो. माझ्या मल्याळी मित्राला मी 'स्वप्न पडते' समजावून सांगितले तेव्हा त्याने विचारले, "वरून?" मी म्हटले, हो, वरूनच. दुसरे काय सांगणार? उलट जिथे खरोखर काही खाली येते तिथे मराठी निवडून शब्द वापरते. पान गळते, भिंत ढासळते, छप्पर कोसळते, अश्रू ओघळतो. आंबा तेवढा पडतो.

आता फौजेकडे येतो. शत्रूवर तुटून पडणे हेही इंग्रजीत फॉल, आणि मागे हटणे हेही फॉलच, फक्त पुढचा शब्द बदलतो. 'फॉल आउट' म्हटले की रांगेतून बाहेर. तोच 'फॉल आउट' दोन मित्रांच्या भांडणाला, आणि अणुस्फोटानंतर खाली बसणाऱ्या विषारी धुळीलाही. पण मला सर्वांत विचारात पाडले ते शहराच्या पडण्याने. १६ डिसेंबर १९७१ रोजी पाकिस्तानच्या सेनेने ढाक्यात शरणागतीवर सही केली. पाकिस्तानात त्या दिवसाला ढाक्याचे पतन म्हणतात, उर्दूत 'सुकूत-ए-ढाका'. आपल्याकडे तो विजय दिवस, आणि बांगलादेशातही विजयाचाच दिवस. ज्यांचे ते शहर, त्यांच्या लेखी ते पडलेच नाही.

शहराचे असे, तर माणसाचे काय? इंग्रजीत लढाईत प्राण दिलेल्या सैनिकाला 'फॉलन' म्हणतात. लॉरेन्स बिनयन यांची 'फॉर द फॉलन' ही कविता १९१४ सालची. २०२२ मध्ये आपल्या लष्करानेही 'मार्टर' हा शब्द टाळा असे कळवले आणि त्याऐवजी सुचवलेल्या शब्दांत 'किल्ड इन अ‍ॅक्शन' होता तसा 'फॉलन' होता. माझ्या मते 'फॉलन' जरा जास्तच मऊ आहे. उभा माणूस आता उभा नाही, एवढेच तो सांगतो. मराठीत 'लढाईत पडला' म्हणतात, 'कामी आला' म्हणतात, आणि 'धारातीर्थी पडला' म्हणतात.

यातला 'कामी आला' आमच्या घरात जपून वापरतात. माझ्या आजीचा थोरला भाऊ १९७१ च्या लढाईत पूर्व आघाडीवर होता. ढाका पडल्याची बातमी रेडिओवर आली तेव्हा गावात गूळ वाटला. तार त्यानंतर चार दिवसांनी आली. ती इंग्रजीत होती, म्हणून शाळेच्या गुरुजींकडे नेली. गुरुजींनी वाचली आणि हळूच म्हणाले, "कामी आला." आजीच्या आईने विचारले, "कुणाच्या कामी आला?" तिला वाटले, पोराने कोणाला तरी मदत केली. गुरुजींनी डोक्यावरची टोपी काढली, तेव्हा तिला कळले.

यंदा २६ जुलैला, कारगिल विजय दिवसाला, आमच्या असेंब्ली हॉलमध्ये लढाईत गेलेल्या माजी विद्यार्थ्यांच्या फोटोंखाली प्रत्येक भाषेतली एक ओळ लावायची ठरली. मराठीची ओळ माझ्याकडे आली. 'कामी आलेले' हा शब्द छोटा होता, पट्टीवर बसलाही असता. पण फोटो बघायला त्यांच्या आयाही येतात. मी 'धारातीर्थी पडलेले' लिहिले. तलवारीची धार हेच तीर्थ, आणि त्या तीर्थावर पडणे.

रविवारी फोनवर आजीला ती ओळ वाचून दाखवली. ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "तीर्थ म्हणलास ते बरं केलंस." आणि लगेच विचारले, "तिकडं पाऊस पडतोय का रे? छत्री हाय न्हवं?"