शर्यतीची गाडी

शौक माणसाची ऐपत पाहून जडत नाही. तो आधी जडतो आणि मग ऐपत शोधायला लावतो. आमच्या गोंदियाकडच्या झाडीपट्टीत हे कोणाला शिकवावे लागत नाही. धानाची मळणी आटोपली की गावोगाव शंकरपट भरतात. सरळ धावपट्टीवर बैलजोड्या सुटतात आणि रात्री त्याच गावात नाटकाचा पडदा वर जातो. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने पट थांबले. डिसेंबर २०२१ मध्ये ते पुन्हा सुरू झाले आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने राज्याचा कायदा मान्य केला. मधल्या ओसाड वर्षांत वाढलेला माझा पुतण्या बैल सोडून मोटारीच्या नादी लागला, यात नवल ते काय!

गेल्या दिवाळीत फराळाचे ताट बाजूला सारून तो म्हणाला, "काका, मला शर्यतीची गाडी घ्यायची आहे." राईस मिलमध्ये हिशेब लिहून त्याने दोन लाख रुपये साठवले होते. वहिनी चुलीकडे वळल्या. माझे थोरले बंधू रस्त्यावरच्या अपघातात गेले, त्याला आता नऊ वर्षे झाली.

"तुम्हीच समजवा जी भाऊजी," एवढेच त्या म्हणाल्या.

समजावणे हा मास्तराचा धंदाच. पण वर्गात मी एक पाहिले आहे. नुसते 'नको' म्हटले की पोरे तीच गोष्ट लपून करतात, आणि लपून केलेली शर्यत म्हणजे रात्रीचा हमरस्ता! तेव्हा मी म्हटले, "रस्त्यावर नाही, मैदानावर. परवाना काढून. आणि गाडी आपण दोघे निवडू."

श्रीपेरुंबुदूर किंवा कोइमतूरचे पक्के ट्रॅक आम्हांला कुठले परवडायला! पण ऑटोक्रॉस नावाचा एक सोपा प्रकार आहे. मोकळ्या मातीच्या मैदानावर वळणे आखतात, गाड्या घड्याळावर धावतात आणि इंजिनाच्या आकाराप्रमाणे गट पाडतात. म्हणजे लहान गाडीला मोठीशी झुंजावे लागत नाही.

आता गाडी कोणती? पुतण्याच्या मनात जिप्सी होती, पण धडक्या जिप्सीला भाव फार. मला आठवला पटाचा जाणता शेतकरी. तो बैलाच्या पाठीवरची झूल पाहत नाही. दात पाहून वय ओळखतो, चालवून खूर पाहतो, आणि चाऱ्याचे पैसे बाजूला काढूनच सौदा करतो. आम्हीही तसेच केले. निम्मे पैसे गाडीला आणि निम्मे हेल्मेट, पट्टे, सुरक्षा-पिंजरा, टायर आणि प्रवेश-फी यांना. या वाटणीत जी बसली, ती जुनी मारुती आठशे.

ही गाडी डिसेंबर १९८३ मध्ये प्रथम रस्त्यावर आली आणि २०१४ च्या जानेवारीत तिचे उत्पादन थांबले. तीन सिलिंडर, ७९६ सीसी, वजन साडेसहाशे किलोंच्या आसपास. ताकद बेताची, पण अंग हलके, म्हणून वळणावर चपळ. शिवाय तिचे सुटे भाग कोणत्याही तालुक्याला मिळतात आणि तिला उघडू शकणारा मिस्त्री आमच्या आमगावलाही सापडतो. गरिबाच्या शौकाला हे मोठे बळ!

आम्ही पाच गाड्या पाहिल्या. सकाळी लवकर जायचे, म्हणजे इंजिन थंड असते आणि मालकाला ते आधी तापवून ठेवता येत नाही. एकीतून निळा धूर आला, म्हणजे ऑइल जळत होते. दुसरीची फरशी गंजाने खाल्लेली. तिसरीचे टायर एकाच कडेला झिजलेले. कधीतरी सांगाडा वाकला असावा. चौथीच्या कागदांवर कर्जाचा बोजा होता. पाचवी रंगाने विटलेली, पण तिन्ही सिलिंडरांचा दाब सारखा आणि आवाज स्वच्छ. तीच घेतली.

गाडी दारात आली तेव्हा आळीतला प्रत्येक जण विचारत होता, "किती पळते?" वहिनींनी हळदकुंकू लावले, बॉनेटवर हात ठेवला आणि विचारले, "थांबते का?"

पुतण्याने उत्तर दिले नाही. पण इंजिनाला हात लावण्यापूर्वी त्याने त्याच संध्याकाळी चारही चाके उतरवून ब्रेक उघडले. अंधार पडला, तरी काम चालूच होते. वहिनी शेजारी पिढ्यावर विजेरी धरून बसल्या होत्या.