नरक्याची पुण्याई

नावे ठेवण्यात आपला हात धरणारा कुणी नाही! सह्याद्रीच्या दाट, ओल्या रानात एक लहानसे झाड उगवते. त्याच्या फुलांना अशी दुर्गंधी येते, की लोकांनी त्याला नावच दिले ‘नरक्या’. शास्त्रज्ञही मागे राहिले नाहीत. त्यांनी लॅटिनमध्ये त्याला ‘फेटिडा’ म्हटले. म्हणजे तेच, घाणेरड्या वासाचे!

पण नाकाला जे उमगत नाही, ते कधीकधी प्रयोगशाळेतल्या काचेच्या नळीला उमगते. १९६६ साली अमेरिकेत मन्रो वॉल आणि मनसुख वाणी या रसायनज्ञांनी एका चिनी झाडातून ‘कॅम्प्टोथेसिन’ हे द्रव्य मिळवल्याचे जाहीर केले. यातले वाणी मूळचे आपल्या नंदुरबारचे! पुढे १९७२ साली मुंबईत, गोरेगावच्या सिबा संशोधन केंद्रात, गोविंदाचारी आणि विश्वनाथन यांना तेच द्रव्य नरक्यात सापडले. आणि तेही चांगले भरपूर.

या द्रव्याची करामत मोठी मजेदार आहे. पेशी दुभंगण्याआधी तिच्यातल्या डीएनएच्या दोराचा पीळ सैल व्हावा लागतो. एक एन्झाइम दोराचा एक पदर कापते, पीळ सोडवते आणि पदर पुन्हा सांधते. कॅम्प्टोथेसिन नेमके सांधण्याच्या वेळी आडवे येते. दोर तुटका राहतो आणि पेशी मरते. कर्करोगाच्या पेशी सारख्या दुभंगत असतात, म्हणून हा तडाखा त्यांना अधिक बसतो.

मूळ द्रव्य मात्र रोग्यालाही सोसेना. म्हणून त्याच्या रचनेत फेरफार करून टोपोटेकन आणि इरिनोटेकन ही औषधे तयार झाली. १९९६ साली अमेरिकेत त्यांना मान्यता मिळाली. एकाला अंडाशयाच्या, तर दुसऱ्याला मोठ्या आतड्याच्या कर्करोगावर. तेव्हा नरक्याची साल घरी उकळून पिण्याचा विचारही कुणी मनात आणू नये. ते औषध नव्हे, विष आहे.

दुर्दैव असे, की नुसता ‘नरक्या’ होता तोवर हे झाड रानात सुखाने नांदत होते. गुण कळला आणि कुऱ्हाड आली! चोरून तोड होऊ लागली आणि जंगलखात्याला पहारा करावा लागला. ज्याच्यामुळे कुणाची आई चार दिवाळ्या अधिक पाहते, त्या झाडाला आपण चार पावसाळेसुद्धा धड जगू देऊ नये?

माझ्या मनात राहून राहून येते, की अशी नाक मुरडून सोडून दिलेली आणखी किती झाडे त्या रानात उभी असतील? त्यांचे गुण कळायला वेळ लागेल. तोवर रान तरी राहायला हवे.