टर्मिनललाही पत्ता सांगावा लागतो



आमच्या संगणक कक्षात इंटरनेट थेट येत नाही, प्रॉक्सी सर्व्हरमधून येतं. परवा नववीतली एक मुलगी म्हणाली, "सर, पिपने लायब्ररी उतरत नाहीये, नेट बंद आहे." ब्राउझर तर छान चालत होता. मी सगळ्यांसमोर म्हणालो, "नेट चालू आहे, तूच काहीतरी चुकीचं टाइप केलंस."

चूक माझीच होती. प्रॉक्सीचा पत्ता आपण ब्राउझरच्या सेटिंगमध्ये भरलेला असतो. टर्मिनलमधली पिप, गिट, कर्ल ही साधनं तो तिथून वाचत नाहीत. लिनक्सवर ती 'एचटीटीपी_प्रॉक्सी' आणि 'एचटीटीपीएस_प्रॉक्सी' ही एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल पाहतात. 'एक्सपोर्ट' आज्ञेने त्यांत सर्व्हरचा पत्ता आणि पोर्ट भरला की झालं. नावं स्मॉल अक्षरांतच लिहा. पहिलं नाव कॅपिटलमध्ये असेल तर कर्ल ते चक्क दुर्लक्षित करतं. 'सुडो' लावलेल्या आज्ञेपर्यंत ही व्हेरिएबल बहुधा पोचत नाहीत, हेही लक्षात ठेवा. आणि त्या ओळीत पासवर्ड लिहू नका, तो टर्मिनलच्या हिस्ट्रीत उघडा राहतो.

दुसऱ्या दिवशी वर्गासमोरच तिची माफी मागितली आणि ती ओळ तिच्याकडूनच फळ्यावर लिहून घेतली.

मूल "चालत नाही" म्हणालं, तर आधी "पडद्यावर काय आलंय, वाच बरं" असं म्हणा. तिच्या पडद्यावर 'जोडणी होत नाही' असंच आलं होतं. मी ते वाचलंच नव्हतं.