मिस्त्रीची माळ

 

वारीच्या वाटेवर पाणी देणारा, चहा देणारा, पाय चेपणारा आपल्या नजरेत भरतो आणि आपण त्याला हात जोडतो. पण कडेला बंद पडलेल्या ट्रकच्या बोनेटमध्ये अर्धा शिरलेला, ग्रीसने माखलेला माणूस दिसला तर आपण पुढे निघून जातो. त्या माणसाविषयी आज चार शब्द लिहायचे आहेत. त्यात माझी एक चूक आहे. ती आधी कबूल केल्याशिवाय पुढचे बोलण्याचा मला अधिकार नाही.

पंचवीस-तीस वर्षांपूर्वीची गोष्ट. जेजुरीचा मुक्काम आटोपून आमची दिंडी वाल्ह्याच्या वाटेला लागली होती. दौंडजच्या खिंडीजवळ पाहतो तर आमचाच ट्रक कडेला उभा. राहुट्या, भांडी, शिधा सगळे त्यात. तो पोचला नाही तर दीडशे माणसांना जेवण नाही आणि डोक्यावर आसरा नाही. आभाळही भरून आलेले. विणेकऱ्यांनी दिंडी पुढे नेली. मी आणि दिंडीचे व्यवस्थापक मागे थांबलो. रात्री माझे कीर्तन होते, त्यामुळे माझा जीव वरखाली होत होता.

थोड्या वेळाने जवळच्या गावातला मिस्त्री लुनावरून आला. मागे पोऱ्या, पायाशी पान्यांची पिशवी. आल्या आल्या त्याने चाकांमागचे दगड नीट बसले आहेत का ते पाहिले. मग बोनेट उघडून आत डोकावला आणि म्हणाला, "फॅनबेल्ट गेला." पट्टा तुटला की पाण्याचा पंप थांबतो, पंखा थांबतो आणि इंजिन तापत जाते, एवढे त्याने आम्हाला दोन वाक्यांत समजावले. आणि बांधावर जाऊन स्वस्थ बसला!

मी म्हणालो, "अरे, बसलास काय? पट्टा घाल, पाणी ओत, आम्हाला निघायचे आहे."

"इंजिन निवू द्या, महाराज. आत्ता झाकण उघडलं तर वाफ तोंडावर यील. आन् तापल्या इंजिनात गार पाणी घातलं तर हेड तडकतं. मग दोन दिवस गाडी हलायची न्हाई."

त्याचे बोलणे खरे होते. पण मला ते उर्मट वाटले. तेवढ्यात माझी नजर ट्रकच्या आरशावर गेली. तिथे तुळशीची माळ लटकत होती. मिस्त्रीने आल्याबरोबर गळ्यातून काढून अडकवलेली.

माउलींनो, माळ गळ्यातून उतरवायची नसते, हे आपल्याला कुणी सांगायला नको. आळंदीला जोगमहाराजांनी १९१७ साली स्थापन केलेल्या वारकरी शिक्षण संस्थेत मी चार वर्षे शिकलो. नियम मला पाठ होते. आणि रागाला निमित्त हवेच होते. येणारे-जाणारे वारकरी ऐकत असताना मी त्याला नाही नाही ते बोललो. माळ म्हणजे काय खुंटीवरची टोपी आहे? वाटेल तेव्हा काढायची होती तर घातलीस कशाला?

तो उठला. हात पुसले. माळ काढून कपाळाला लावली आणि गळ्यात घातली. "चुकलं, महाराज," एवढेच बोलला आणि पट्टा बसवायला वाकला.

मी समाधानाने बाजूला झालो. तेव्हा पोऱ्या माझ्याजवळ आला. बारा-तेरा वर्षांचे पोर ते. घाबरत घाबरत म्हणाला, "महाराज, त्यास्नी माळ काढाया सांगा की. मागल्या साली चालू इंजिनावर वाकले व्हते, माळ पंख्यात गेली. तारेत ववलेली व्हती, लवकर तुटंना. मानंला सात टाके पडले. आता पट्टा घातला की इंजिन चालू करून बघत्यात ते."

मी वळून पाहिले. कानाखालून मानेपर्यंत गेलेली खूण आता मला दिसली. इतका वेळ ती माझ्यासमोरच होती.

वाचक हो, त्या क्षणी माझ्या विद्येचे काय झाले ते सांगता येत नाही. मी तसाच पुढे गेलो आणि म्हणालो, "बाबा, माझे चुकले. माळ काढून माझ्या हातात दे. तुझे काम होईपर्यंत मी ती खाली ठेवणार नाही." तो संकोचला. "ऑइलचे हात हायेत," म्हणाला. मीच त्याच्या गळ्यातून ती काढली. त्याने डायनामोचा बोल्ट सैल केला, नवा पट्टा चढवला, अंगठ्याने दाबून ताण पाहिला, बोल्ट आवळला. इंजिन निवल्यावर झाकणावर फडके टाकून ते हळूहळू उघडले, पाणी भरले. मग गाडी चालू करून कान देऊन ऐकत राहिला. तेवढा वेळ मी बांधावर बसून त्याच्या माळेवर नाम घेत होतो. हरिपाठाला मी दिंडीत नव्हतो, पण त्या दिवशीसारखे नाम पुष्कळ दिवसांत घडले नव्हते.

व्यवस्थापकांनी खुशीने जास्त पैसे पुढे केले. त्याने पट्ट्याची किंमत आणि नेहमीची मजुरी घेतली, बाकीचे परत दिले. "अडलेल्या माणसाकडनं जास्ती घेतलं की हाताला यश ऱ्हात न्हाई." आड रस्त्यावर रात्री-अपरात्री अडलेला माणूस मागेल ते देतो, हे त्याला का ठाऊक नव्हते? मला मात्र माझी बिदागी आठवली. कीर्तनाच्या मोबदल्याबद्दल तुकोबारायांनी किती कडक बजावले आहे, ते मी लोकांना किती वेळा सांगितले होते! आणि पाकीट हातात आल्यावर ते बोटांनी चाचपूनही पाहिले होते.

निघण्याआधी त्याने आणखी एक गोष्ट केली. चाकांमागचे दगड उचलून रस्त्यापासून लांब टाकले. "गाडी जाती, दगूड तसाच ऱ्हातो. रातच्याला मोटरसायकलवाला पडतो," म्हणाला. कधीही न भेटणाऱ्या माणसाची ती काळजी. भूतदयेवर मी तासतास बोललो आहे, पण असा दगड कधी उचलला नव्हता.

ज्ञानेश्वरीच्या अठराव्या अध्यायात माउलींनी विहित कर्म हीच ईश्वराची पूजा म्हटली आहे. अरणच्या सावतामहाराजांनी मळा सोडला नाही, तेरच्या गोरोबाकाकांनी चाक सोडले नाही. या कथा सांगताना आपण मळा आणि मडकी यांना पवित्र मानतो. मग पान्याला आणि ग्रीसला का नाही? सातशे वर्षांपूर्वीचा चिखल आपल्याला चालतो, आजचा काळा हात चालत नाही.

माळेचा नियम मोडावा असे मी म्हणत नाही. पुढच्या वर्षी मी त्याच्यासाठी गळ्यालगत बसणारी, शर्टाच्या आत राहणारी आखूड माळ नेली. साध्या सुती दोऱ्यात ओवलेली, ओढ बसली तर चटकन तुटावी अशी. ती त्याने लगेच घातली. नियम सांगण्याआधी समोरच्याची मान पाहायची असते, हे मला पन्नाशीला आल्यावर एका पोराने शिकवले.

आता माझी वारी घरी बसून होते. आपण चालणार असाल तर एवढे करा. निघण्यापूर्वी दिंडीची गाडी तपासून घ्या, एक जादा फॅनबेल्ट बरोबर ठेवा. वाटेत गाडी अडली तर मिस्त्रीला घाई करू नका. त्याला पाणी द्या, अंधार असेल तर बॅटरी धरा, आणि त्याची मजुरी विनाघासाघीस द्या. आणि हो, निघताना दगड बाजूला करा.

रामकृष्णहरी.