थंड इंजिनाची परीक्षा

धान्याचा व्यापारी पोत्याच्या तोंडाशी असलेला दाणा पाहून सौदा करीत नाही. तो पोत्याच्या मधला आणि तळचा दाणा काढून घेतो, तळहातावर पसरतो, एखादा दाताखाली फोडून त्यातला ओलावा जोखतो आणि मगच भाव बोलतो. लासलगावच्या पेठेत तीस वर्षे दुकान चालवणाऱ्या एका गृहस्थांची या बाबतीत ख्याती होती. मात्र याच गृहस्थांनी आयुष्यातली पहिली मोटार घेतली, ती पोत्याचे तोंड पाहून.

मोटारीची गरज हौसेपोटी निर्माण झालेली नव्हती. वृद्ध आईंची मूत्रपिंडे निकामी झाली होती आणि आठवड्यातून दोनदा त्यांना डायलिसिससाठी सुमारे 60 किलोमीटरवरच्या नाशिकला न्यावे लागे. पाळी सकाळी 7 ची. पहाटे 5 ला घर सोडावे लागे आणि भाड्याच्या जीपचा खर्च दुकानाच्या बेताला झेपेनासा झाला होता. म्हणून ऑगस्ट महिन्यात 60,000 रुपयांना 1996 सालची मारुती 800 घेतली गेली. तीन सिलिंडर, 796 सीसी, कार्ब्युरेटर आणि हाताने ओढायचा चोक. भर दुपारी बारा वाजता सौदा झाला. आधीच्या मालकाने किल्ली फिरवताच इंजिन सुरू झाले. बॉनेटला हात लावला असता तर ते आधीपासूनच कोमट असल्याचे ध्यानात आले असते. कोणी हात लावला नाही, काही विचारलेही नाही, आणि न विचारलेले समोरच्याने सांगितले नाही.

पावसाळा सुखात गेला. दिवाळीनंतर निफाड तालुक्यातली थंडी सुरू झाली. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात नोंदले जाणारे किमान तापमान हिवाळ्यात वर्तमानपत्रांची बातमी होते, ते याच तालुक्यातले. डिसेंबरातल्या एका पहाटे आई शाल पांघरून ओसरीवर बसल्या होत्या. शेठजींनी किल्ली फिरवली. सेल्फ जड आवाजात दोनदा कण्हला आणि नुसते टक्‌टक्‌ करू लागला. शेजारच्या दोघांनी आणि मुलाने मिळून गाडी गल्लीभर ढकलली. दुसऱ्या गिअरमध्ये क्लच सोडल्यावर ती खोकली, हादरली, परंतु चालू झाली नाही. अखेर नाक्यावरून जीप मिळेपर्यंत सव्वासहा वाजले. नाशिकला पोहोचण्यास उशीर झाला. पुढच्या रुग्णाची वेळ ठरलेली असल्याने आईंचे चार तासांचे डायलिसिस त्या दिवशी तीन तासांवर थांबवावे लागले. संध्याकाळी त्यांच्या पायांवर सूज होती. त्या एवढेच म्हणाल्या, "गाडी म्हातारी आहे रे, माझ्यासारखी. तिच्यावर रागावू नकोस."

शेठजी रागावले ते स्वतःवर, आणि रागात माणूस करतो तेच त्यांनी केले. चौकशी न करता खर्च केला. दुसऱ्याच दिवशी नवी बॅटरी आणून बसवली. पुढच्या दोन्ही खेपांना गाडी पहिल्या किल्लीला चालू झाली आणि रोगाचे मूळ सापडल्याचे समाधान घरात पसरले. प्रत्यक्षात त्या दिवसांत ढगाळ हवा आली होती. आभाळ झाकलेले असले की जमिनीची उष्णता रात्री फारशी निघून जात नाही आणि पहाट उबदार राहते. यश हवेचे होते, श्रेय बॅटरीला मिळाले. आभाळ निवळले, थंडी परतली, आणि नव्या बॅटरीसह गाडी पुन्हा टक्‌टक्‌ करू लागली.

आता मात्र गावातल्या एका जुन्या मिस्त्रींना घरी बोलावले गेले. त्यांनी बॉनेट उघडण्याआधी प्रश्न विचारण्यास सुरुवात केली. "शेठ, इंजिन फिरत नाही, की फिरते पण पेटत नाही? हे दोन आजार वेगळे आहेत." शेठजी म्हणाले की फिरतच नाही. "मग ढकलल्यावर काय झाले?" खोकली, पण चालू झाली नाही. मिस्त्री हसले. "ढकलताना सेल्फचे काम माणसांनी केले. तरीही पेटली नाही. म्हणजे तुमच्या गाडीला दोन्ही आजार आहेत. एक बॅटरी बदलून दोन कसे जातील?"

त्यांचे म्हणणे एखाद्या हिशेबनिसासारखे काटेकोर होते. थंडीत मागणी वाढते आणि पुरवठा घटतो. गारठ्याने इंजिनातले तेल घट्ट होते, म्हणून ते फिरवण्यास जोर जास्त लागतो. त्याच वेळी बॅटरीतली रासायनिक क्रिया मंदावते आणि तिचा जोर कमी पडतो. उन्हाळ्यात जी गळती खपून जाते, ती हिवाळ्यात उघडी पडते. स्वस्थ बॅटरी विसाव्यात सुमारे 12.6 व्होल्ट दाखवते. सेल्फ मारताना ती साडेनऊ-दहाच्या खाली गेली तर दोष बहुधा तिचा. शेठजींची नवी बॅटरी अकराच्या आसपास टिकून होती. मिस्त्रींनी मग मीटरची एक टोचणी बॅटरीच्या ऋण खांबावर आणि दुसरी इंजिनाच्या उघड्या धातूवर ठेवली आणि मुलाला किल्ली फिरवण्यास सांगितले. येथे अर्ध्या व्होल्टच्या आत फरक दिसावा. दिसला तो दोन व्होल्टहून अधिक. बॅटरीपासून निघालेली वीज वाटेतच खर्ची पडत होती.

इंजिन आणि गाडीचा सांगाडा यांना जोडणारी अर्थिंगची पट्टी काढली, तेव्हा तिच्या टोकाखाली हिरवट पांढरा थर साचलेला होता. जागा घासून लख्ख केली, नवी पट्टी आवळली, बॅटरीची दोन्ही टोके सोड्याच्या कोमट पाण्याने धुऊन, कोरडी करून त्यांना पेट्रोलियम जेली लावली. पहिला आजार संपला. इंजिन जोमाने फिरू लागले, पण पेटेना.

दुसरा दोष चोकचा निघाला. थंड हवेत पेट्रोलची वाफ कमी होते. म्हणून सुरुवातीला हवा रोखून मिश्रण दाट करावे लागते आणि ते काम कार्ब्युरेटरच्या तोंडावरची झडप करते. आत बसलेला माणूस चोकचा दांडा मनोभावे ओढत होता, पण केबल सुटल्याने झडप हलतच नव्हती. केबल पुन्हा अडकवली, प्लग साफ केले. दुसऱ्या पहाटे गाडी चालू झाली. पट्टी, केबलची क्लिप आणि मजुरी मिळून खर्च बॅटरीच्या किमतीच्या दशांशही नव्हता. जुनी बॅटरी तपासली तर तीही चांगलीच निघाली.

जाताना मिस्त्रींनी चार गोष्टी बजावल्या, त्या जुनी गाडी बाळगणाऱ्या कोणत्याही घराने लक्षात ठेवाव्यात. सेल्फ पाच-सात सेकंदांपेक्षा जास्त वेळ मारू नये आणि दोन प्रयत्नांत निदान अर्धा मिनिट थांबावे. पेट्रोलचा उग्र वास आला तर चोक आत ढकलावा, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून इंजिन फिरवावे, म्हणजे साचलेले पेट्रोल निघून जाते. बॅटरी सोडवताना ऋण टोक आधी काढावे आणि जोडताना शेवटी जोडावे. आणि बंद खोलीत गाडी कधीही चालू ठेवू नये, कारण धुरातला कार्बन मोनॉक्साइड वासावरून कळत नाही.

शेठजींनी त्या दिवसापासून एक लहान वही घातली. तारीख, पहाटेची थंडी, किती प्रयत्नांत गाडी चालू झाली, काय बदलले, किती खर्च आला. पुढच्या दोन हिवाळ्यांत गाडीने कधी दोन, कधी तीन प्रयत्न घेतले, पण आईंची एकही पाळी चुकली नाही. दुसऱ्या हिवाळ्यानंतरच्या उन्हाळ्यात आई गेल्या. अखेरच्या नोंदीनंतर वहीची पाने कोरी राहिली.

डिसेंबरात गाडी विकण्याचे ठरले. दुकानाच्या पुस्तकात दरसाल 15 टक्के घसाऱ्याने 60,000 चे 51,000 आणि 51,000 चे 43,350 झाले होते. 42,000 पर्यंत मागणी ठेवावी असे मुलाने सुचवले. एक शिक्षक दुपारी गाडी पाहण्यास आले. मुलाने सकाळीच ती फिरवून आणली होती. किल्ली फिरवताच ती सुरू झाली. शिक्षक खूश होऊन खिशाकडे हात नेऊ लागले, तोच शेठजी म्हणाले, "गुरुजी, आज नको. उद्या पहाटे सहाला या. तोवर हिला कोणी हात लावणार नाही."

ते गेल्यावर मुलगा चिडला. "बाबा, आपल्याला कोणी सांगितले होते का? आणि विचारल्याशिवाय सांगायचे हा कुठला धंदा?"

शेठजी बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "त्या दिवशी तुझी आजी ओसरीवर बसली होती. गुरुजींच्या ओसरीवर कोण बसलेले असते, ते आपल्याला ठाऊक नाही."

दुसऱ्या पहाटे गारठा चांगलाच होता. शेठजींनी चोक कसा आणि किती ओढायचा ते दाखवले. पहिल्या प्रयत्नात गाडी कण्हली, दुसऱ्यात खोकली, तिसऱ्यात चालू झाली. गुरुजींनी वही चाळली, हसले आणि 38,000 दिले. वहीही ते बरोबर घेऊन गेले. मुलाने पुस्तकात 5,350 रुपये तोटा नोंदला आणि तपशिलाच्या रकान्यात काही लिहिले नाही.

त्याच आठवड्यात एक गिऱ्हाईक दुकानात गहू पाहत होते. वरचा दाणा त्यांना पसंत पडला आणि ते भाव बोलू लागले. मुलाने त्यांना थांबवले, पोते आडवे केले, तळचा गहू काढून त्यांच्या तळहातावर ठेवला आणि म्हणाला, "हा थोडा बारीक आहे. पाहून घ्या, मग भाव बोलू."

गल्ल्यावर बसलेल्या शेठजींनी मान वर केली नाही. त्यांचा हिशेब चालू होता.