आतली कडी

सरकारी तपासणी ही गोष्ट लोक समजतात तितकी रुक्ष नाही. तिला वास असतो. आमच्या गावी सरकारी अनुदानावर चालणारे एक बालगृह आहे. तिथली मुले माझ्या वर्गात बसतात. तीनचार महिन्यांनी एखाद्या सकाळी ती येतात ती डांबराच्या गोळ्यांचा वास घेऊन. काल रात्री कपाटातल्या नव्या चादरी अंथरल्या गेल्या, हे माझ्या नाकाला कळते. म्हणजे आज तपासणी! दुसऱ्या दिवशी चादरी घडी होऊन पुन्हा कपाटात. त्या बिचाऱ्यांना मुलांचा सहवास वर्षातून चार रात्रींचा.

कायदा चांगला आहे, हे आधीच सांगून टाकतो. २०१५ च्या बालन्याय कायद्याप्रमाणे अशा प्रत्येक घराला तीन महिन्यांतून एकदा तरी भेट द्यायची. पथकात निदान तीन माणसे, त्यांत एक तरी स्त्री आणि एक वैद्यकीय अधिकारी. अहवाल आठवड्याच्या आत. केंद्राच्या २०१६ च्या आदर्श नियमांतला हिशेब तर एखाद्या चोख गृहिणीचा वाटावा : निजायला दर मुलामागे ४० चौरस फूट, ७ मुलांमागे एक शौचकूप, १० मुलांमागे एक न्हाणीघर. शिवाय हजेरीपट, साठ्याची वही, पावत्या, वर्षाअखेर उपयोगिता प्रमाणपत्र.

साताऱ्याला १९२४ साली कर्मवीर भाऊराव पाटलांनी सर्व जातींच्या मुलांचे वसतिगृह काढले. पुढे त्या मुलांच्या जेवणासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले, मंगळसूत्रसुद्धा दिले. त्याचे उपयोगिता प्रमाणपत्र कोणत्या नमुन्यात भरायचे असते कोण जाणे! पण तो स्वतःच्या गळ्यातला पैसा होता. लोकांच्या पैशाला पावती हवीच. माझे भांडण पावतीशी नाही. पावतीपाशी थांबणाऱ्या डोळ्यांशी आहे.

दिवाळीच्या फराळाबरोबर हे कशाला, असे कोणी म्हणेल. तरी सांगतो. बिहारमध्ये मुझफ्फरपूरला मुलींचे एक घर होते. तिथेही सरकारी अनुदान येई, तपासणीही होई. २०१७ साली मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेच्या ‘कोशिश’ गटाकडे बिहार सरकारने अशा संस्थांची पाहणी सोपवली. ११० संस्था त्यांनी पाहिल्या आणि वह्यांबरोबर मुलांशीही ते बोलत बसले. २०१८ मध्ये अहवाल आला, आणि त्या घरात मुलींवर काय गुदरत होते ते जगाला कळले. फेब्रुवारी २०२० मध्ये दिल्लीच्या न्यायालयाने मुख्य आरोपीला जन्मठेप दिली. मुली तिथेच होत्या, इतकी वर्षे. त्यांना कोणी विचारले नव्हते.

आमच्या बालगृहात असे काही नाही. असे मी म्हणत असे ते कशाच्या आधारावर, ते मात्र मला सांगता आले नसते. गेल्या वर्षी तपासणीच्या दिवशी मुलांच्या प्रगतीचे कागद घेऊन मला बोलावले होते. पथकातले दोघे वह्यांत बुडाले. तिसऱ्या डॉक्टरीणबाई. त्यांनी चहा बाजूला ठेवला, चार मुलांच्या बोटांच्या बेचक्यांत खरूज पाहिली आणि सरळ मागच्या अंगणात गेल्या. कागद सांभाळीत मीही गेलो. शौचकूप मोजून सहा, नियमात बसणारे. बाईंनी एकेक दार आतून लावून पाहिले. एकही लागेना.

“आतून कडी नाही का रे?”

चौथीतला एक पोरगा म्हणाला, “बाहेरून आहे की, बाई.”

अधीक्षक लगबगीने पुढे झाले. मुले आत खेळत बसतात, पाणी सांडतात, म्हणून ही व्यवस्था, असे त्यांनी सांगितले. माणूस दुष्ट नव्हे. तुटपुंज्या पगारात चाळीस मुले सांभाळणाऱ्याला जी सोय सुचते, ती सुचली होती. बाई काही बोलल्या नाहीत. पायरीवर बसून त्यांनी अहवालात चार ओळी लिहिल्या, आणि अधीक्षकांना दूर पाठवून अर्धा तास त्या एकेका मुलाशी बोलत राहिल्या. काय बोलल्या, ते मी विचारले नाही.

तीन आठवड्यांनी तोच पोरगा मधल्या सुट्टीत माझ्या टेबलाशी आला. “गुरुजी, बाहेरच्या कड्या काढल्या. आतून बसवल्या.”

“बरे झाले.”

“पण काल लई घोटाळा झाला. जो तो आत जाऊन कडी लावायचा, काढायचा, पुन्हा लावायचा. बाहेर ही एवढी रांग!” आणि हात पसरून त्याने ती मला दाखवली.