चिन्ह गेलं, पत्रं राहिली



हिंगोलीत आमच्या घरी अजून एक जुना कॉम्प्युटर आहे, विंडोज एक्सपीचा. दुकानाचा जुना हिशेब ज्या प्रोग्राममध्ये आहे तो नव्या मशीनवर चालत नाही, आणि अण्णा, म्हणजे माझे सासरे, प्रवचनंही त्यावरच ऐकतात. एक्सपीला नियमित सुरक्षा-दुरुस्त्या मिळणं ८ एप्रिल २०१४ ला थांबलं, म्हणून त्याला इंटरनेट जोडलेलं नाही.

तरी त्यातलं आउटलुक एक्सप्रेस पिच्छा सोडत नव्हतं. ईमेलचा हा प्रोग्राम एक्सपीसोबतच येतो. आमच्या जुन्या कीबोर्डवर आवाजाच्या बटणांशेजारी पाकिटाचं बटण आहे. आवाज वाढवताना अण्णांचं बोट त्यावर पडायचं आणि समोर धाकट्या काकांची जुनी पत्रं यायची, घराच्या वाटणीच्या वेळची, कडू शब्दांची. दोघा भावांनी क्षमावाणीला एकमेकांची क्षमा कधीच मागितली आहे. तरी पत्र दिसलं की अण्णांचं प्रवचनात मन लागत नसे. एकदा ते म्हणाले, "सूनबाई, हे काढून टाका बरं."

काढायची रीत सोपी आहे. कंट्रोल पॅनेलमध्ये 'ॲड ऑर रिमूव्ह प्रोग्राम्स' उघडायचं, डावीकडे 'ॲड/रिमूव्ह विंडोज कॉम्पोनंट्स' दाबायचं आणि आउटलुक एक्सप्रेससमोरची बरोबरची खूण काढायची. चिन्ह नाहीसं झालं. आमच्याकडे पाकिटाचं बटणही गप्प बसलं.

पण एवढ्याने फक्त वाट बंद होते. प्रोग्रामच्या फाइली जागेवरच असतात. त्या हाताने पुसायला गेलं तर 'विंडोज फाइल प्रोटेक्शन' नावाचा राखणदार राखीव प्रत काढून त्या पुन्हा ठेवतो. आणि पत्रं तर वेगळ्याच, लपवलेल्या फोल्डरमध्ये असतात. आलेल्या पत्रांची एक फाइल, पाठवलेल्यांची दुसरी, अशा त्या डीबीएक्स फाइली. खूण काढल्याने त्यांना धक्काही लागत नाही.

हे पाहिलं आणि मला उपशम आणि क्षय आठवले. गढूळ पाण्यात निवळीचं बी घातलं की गाळ तळाशी बसतो, पाणी स्वच्छ दिसतं. हा उपशम. भांडं हललं की पुन्हा गढूळ. तेच स्वच्छ पाणी दुसऱ्या भांड्यात ओतून घेतलं की मग हलवा कितीही. हा क्षय. म्हणून तर मोहाचा फक्त उपशम केलेला जीव अकराव्या गुणस्थानापर्यंत चढूनही खाली येतो. क्षय करणारा दहाव्यावरून थेट बाराव्यावर जातो, त्याला पडणं नाही.

आपण रागाचं बहुधा चिन्हच काढतो. जावेशी बोलणं सुरू होतं, सणाला ताट जातं, पण कोणी जुना विषय काढला की सगळी फाइल उघडते. क्षमावाणीला हात जोडणं खोटं नसतं, पण तिथून पुढे काम बाकी असतं.

अण्णांना सांगितलं, पत्रं अजून आत आहेत. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "सासूबाईंच्या आजारपणात त्याने लिहिलेलं एक आहे, तेवढं कागदावर काढून द्या. बाकीची पुसा." प्रोग्राम पुन्हा उघडला. तेवढं पत्र छापलं. टूल्स, ऑप्शन्स, मेंटेनन्स, मग 'स्टोअर फोल्डर', अशा वाटेने पत्रांच्या फोल्डरचा पत्ता सापडला. प्रोग्राम बंद करून त्या फाइली पुसल्या, रीसायकल बिन रिकामी केली आणि शेवटी ती खूण पुन्हा काढली.

तुमच्या घरी असा जुना कॉम्प्युटर असेल आणि तो भंगारात किंवा कोणाला द्यायचा असेल, तर पडद्यावर चिन्ह नाही म्हणून निर्धास्त राहू नका. पत्रांचा फोल्डर शोधा. हवं ते आधी छापून घ्या, कारण एका फाइलमध्ये सगळीच पत्रं असतात आणि ती गेली की सगळी जातात. आणि काय ठेवायचं, काय पुसायचं, हे ज्याची पत्रं आहेत त्यालाच ठरवू द्या. त्याग ज्याचा त्यानेच करायचा असतो. आपण फार तर बटण दाबून देऊ शकतो.